मागच्या बाकावरून दोन ठोके

१

दोष आत्याचा. पुढे काहीही ऐकलंत, कुणाच्या पांढऱ्या केसांचा किंवा छातीवरच्या क्रुसाचा मान ठेवावासा वाटला, तरी एवढं विसरू नका. थोडा फादरांचा, थोडा शिंपीकाकांचा, पण मुळात दोष आत्याचा.

आत्या म्हणजे बॅरिस्टरच्या बापाची थोरली बहीण. चर्चच्या आराधना मंडळाची अध्यक्ष, सचिव आणि शिपाई, सगळं एकटीच. चर्चच्या कुशीला एक लहान चॅपेल आहे. सकाळची मिस्सा, म्हणजे रोजची मोठी प्रार्थना, आटोपली की फादर तिथल्या वेदीवर सोनेरी किरणांचं उभं पात्र ठेवत. त्याच्या मधोमध गोल काच आणि काचेआड पांढरी ओस्ती. दिसायला पातळ भाकरीचा तुकडा, पण मानणाऱ्यांसाठी तिथे साक्षात प्रभू बसलेला. म्हणून संध्याकाळी फादर येऊन ती परत आत ठेवेपर्यंत तिच्यासमोर कुणी ना कुणी असलंच पाहिजे. तासातासाने माणूस बदलायचा. एक उठायच्या आधी दुसरा आलेला हवा. प्रभूला एकटं ठेवायचं नाही.

इथवर सगळं जगात असतं तसंच. पुढचं आत्याच्या डोक्यातून निघालेलं. पूर्वी माणूस बदलताना बायका कुजबुजायच्या, पुरुष एकमेकांच्या पाठीवर थापा मारायचे. आत्या कडाडली, “हा काय बस स्टॉप आहे?” आणि तिने नियम केला. येणाऱ्याने शेवटच्या बाकापाशी गुडघे टेकायचे आणि लाकडावर बोटाने दोन ठोके द्यायचे. पुढे बसलेल्याने उठायचं, वेदीपुढे वाकायचं, मान खाली घालून भिंतीच्या कडेने जायचं आणि मागच्या दाराने बाहेर पडायचं. वळून बघायचं नाही. कोण आलं ते विचारायचं नाही.

माणसं अशी तयार झाली होती की एकदा लग्नाच्या जेवणात वाढप्याने टेबलावर पळी दोनदा आपटली, तर मंडळाच्या दोन म्हाताऱ्या भरल्या ताटावरून उठून चालू लागल्या. सगळे हसले. आत्या हसली नाही. तिला अभिमान वाटला.

दुपारचा तास वर्षानुवर्षं बॅरिस्टरच्या बापाचा. पण ओतकामाच्या कारखान्यात आयुष्यभर खाल्लेली धूळ बापाच्या छातीने शेवटी व्याजासकट परत मागितली. आता तो पलंगावर होता, नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं घुरघुरणारं मशीन. डॉक्टरांनी बजावलं होतं, “यांना एकटं सोडू नका. झोपेत नळी निसटली तर यांना कळणारही नाही.”

बॅरिस्टर हे पोराचं टोपणनाव, बापानेच कुत्सितपणे ठेवलेलं. प्रत्येक गोष्टीवर उलटतपासणी घ्यायचा म्हणून. त्याने इंजिनीयरिंग अर्ध्यात सोडलं, तेव्हापासून बापलेकांत “पाणी देऊ?” आणि “नको” याच्या पलीकडे बोलणं नव्हतं. का सोडलं, हे बापाने विचारलं नाही आणि यानेही सांगितलं नाही.

“तुझ्या बापाचा तास आता तू घे,” आत्या म्हणाली. “रिकामाच आहेस.”

“आणि बाबांजवळ कोण बसेल?”

“मी बसते की.”

“नक्की? म्हणजे देव एकटा राहायला नको, बाबा राहिले तर चालतील, असं नाही ना?”

“जीभ आवर, मेल्या. बसते म्हटलं ना? तू आल्याशिवाय हलणार नाही. मी काय पळून जाणार आहे?”

२

चॅपेलमध्ये पडदे ओढलेले असत, पात्राचं सोनं उठून दिसावं म्हणून. पंखा एका फेरीत एकदा अडखळायचा. समोरचं मोठं दार कुत्री शिरतात म्हणून दुपारी आतून लावलेलं. येण्याजाण्याला मागचं दार एवढंच. त्या दाराची बिजागरी अशी किंचाळायची की मेलेला उठून बसावा.

बॅरिस्टरचा त्या ओस्तीवर विश्वास नव्हता. पण तासभर मोबाईलशिवाय, कुणाच्या टोमण्यांशिवाय बसायला मिळतंय, हे त्याला पहिल्याच दिवशी आवडलं. तो पहिल्या बाकाशी गुडघे टेकून, मग चक्क मांडी घालून बसला. काचेतल्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघताना डोळे जड झाले.

टक, टक.

मागून. शेवटच्या बाकावरून. कोरडं बोट लाकडावर.

पुढचा तास शिंपीकाकांचा. तो उठला, वाकल्यासारखं केलं आणि मान खाली घालून भिंतीकडेने निघाला. शेवटचा बाक खांबाच्या पलीकडे. कडेने जाताना डाव्या अंगाला कुणीतरी असल्याचा नुसता गारवा जाणवला, जसा उघड्या फ्रीजसमोरून जाताना जाणवतो. दार किंचाळलं, तो उन्हात आला आणि सिगरेट पेटवली.

अर्धी ओढून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, हे दार आत्ता किंचाळलं. मगाशी काका आत आले तेव्हा का नाही?

झोप लागली असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण ठोके ऐकू आले आणि दार नाही, अशी कशी झोप?

दुसऱ्या दिवशी तो जागा राहिला. दार वाजलं नाही. ठोके वाजले. तिसऱ्या दिवशी तसंच, आणि वेळेच्या बरंच आधी. फुकटची सुटी कोण सोडतो? तो उठून निघून गेला.

३

घरी आला तेव्हा आत्या पलंगाशेजारी माळ जपत होती. तिची खुर्ची बापाकडे तोंड करून, पाठ दाराकडे. पोराला बघून ती उठली आणि स्वयंपाकघरातून मागच्या दाराने आपल्या घरी गेली. मधे नुसती कंपाउंडची भिंत.

बापाने डोळे उघडले. “लवकर आलास.”

बॅरिस्टर दचकला. हे “नको” नव्हतं.

“काका लवकर आले. ठोकलं, मी उठलो.”

“बघितलंस त्यांना?”

“तुमच्या बहिणीचाच नियम आहे ना, बघायचं नाही म्हणून?”

बापाने उशीवरून मान जरा उचलली. मग म्हणाला, “बघूही नकोस. उठवलं की उठायचं. लवकर असो, उशिरा असो. तुला सवय आहे, समोरच्याने सरळ सांगितलं तरी फाटे फोडायची. तिथे फोडू नकोस.”

“का?”

“बघ, लगेच का.”

“बाबा, पण का?”

“मी एकदा उठलो नव्हतो.” बापाला धाप लागली. “म्हटलं, अजून माझा तास आहे, मी का उठू? बसून राहिलो. पुष्कळ वेळ ठोकत होता. मग थांबला. मला वाटलं, जिंकलो.”

“मग?”

बापाची नजर उघड्या दारातून स्वयंपाकघरात गेली आणि तिथल्या मागच्या दारावर जाऊन थांबली.

बॅरिस्टरची आई त्याच दारात वारली होती. तो शाळेत असताना, अशाच एका दुपारी. तापाने फणफणलेली, उठायची ताकद नसलेली बाई उंबरठ्यापर्यंत चालत कशी गेली, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. आत्या तिच्याजवळ बसली होती आणि नुकतीच उठून गेली होती, एवढंच सगळे सांगत.

मेंदूला हवा कमी पडली की माणूस असंच बोलतो, बॅरिस्टरने ठरवलं. त्याने नळी सरळ केली. पण इतक्या दिवसांनी बाप आपणहून चार वाक्यं बोलला होता, हेही त्याच्या लक्षात आलं. उद्या कॉलेजचं सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. आज बापाला धाप होती.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बाईंना बापाजवळ बसवून तो शिंपीकाकांकडे गेला. आधी खुलासा, मग बापाशी बोलणं. काका दुकानात मशीनशी बसले होते आणि त्यांचा उजवा पाय प्लास्टरमध्ये, स्टुलावर लाकडासारखा आडवा पसरलेला.

“हे कधी?”

“झाले की बरेच दिवस. बाथरूममध्ये घसरलो. तुला आत्याने सांगितलं नाही?”

“मग माझ्यानंतर चॅपेलमध्ये कोण येतं?”

काकांनी सुईत दोरा ओवायला घेतला. “येत असेल कुणीतरी.”

“कुणीतरी म्हणजे कोण?”

“अरे, मी पडायच्या आधीपासूनच येतंय. मी जायचो ना, तर आधी खिडकीच्या पडद्याच्या फटीतून डोकवायचो. आत बाकावर कुणीतरी असायचं. म्हटलं, जागा भरलीये, बरं झालं. यायचो परत. ऊन काय कमी असतं?”

“आणि हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही.”

“सांगायचं काय त्यात? देवाचं काम होतंय ना?”

“चेहरा बघितलात?”

“बघितला म्हणजे… त्यानेच माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.”

बॅरिस्टर सावकाश म्हणाला, “काका, खिडकी मागच्या भिंतीला आहे. दाराशेजारी. बाकावरचा माणूस वेदीकडे तोंड करून बसलेला असणार. तो तुमच्याकडे कसा बघेल?”

दोरा सुईच्या भोकाशी थांबला. मशीनवर अर्धवट शिवलेला सदरा, त्याची बाही खाली लोंबकळत होती.

“आता ते मला काय माहीत,” काका म्हणाले. “तुम्ही शिकलेली पोरं. म्हणजे, अर्धी शिकलेली.”

५

तिथून तो सरळ चर्चच्या ऑफिसात गेला. आत्या तिथेच होती, फादरांपुढे मेणबत्त्यांचा खोका उघडून.

“माझ्यानंतरच्या तासाला कोण येतं?”

आत्याने मेणबत्ती हातातच धरली. “का?”

“शिंपीकाकांचा पाय मोडलाय. त्यांच्या जागी तू कुणाला सांगितलंस?”

“देव आपली सोय करतो.”

“तू कुणाला सांगितलंस, आत्या?”

फादर हसले. फादरांचं ते हसू बॅरिस्टरला लहानपणापासून माहीत होतं. बाप्तिस्म्याला, मयताला, भांडणाला, एकच. “बेटा, तू उठून जातोस तेव्हा चॅपेल रिकामं असतं का?”

“नाही. मागे कुणीतरी असतं.”

“मग प्रश्न कुठे आहे?”

“कोण असतं, हा प्रश्न आहे! काकांच्या तासानंतर तुझा तास, आत्या. तू जातेस तेव्हा कोण असतं?”

“मी पोचते तेव्हा…” ती फादरांकडे न बघता म्हणाली, “नुकतंच कुणी उठून गेलेलं असतं.”

“म्हणजे रिकामं असतं.”

“नुकतंच म्हटलं मी! गुडघे टेकायची उशी दबलेली असते.”

फादरांचं हसू जरा आखडलं. मग ते घसा खाकरून खोक्यातल्या मेणबत्त्या मोजू लागले. बॅरिस्टरला तेवढ्यात सगळं कळलं. चॅपेल रिकामं राहतं हे वर बिशपांना कळलं असतं तर आराधना बंद झाली असती. आत्याचं मंडळ गेलं असतं, फादरांच्या चर्चचं नाव गेलं असतं. म्हणून कुणी विचारत नव्हतं. बाकावर कोण बसतंय याच्याशी यांना देणंघेणं नव्हतं. बाक भरलेला पाहिजे. ज्याची सेवा केली म्हणून स्वर्ग मिळणार, त्याच्या पाठीमागे कोण येऊन बसतंय हे बघायची यांची छाती नव्हती.

“मी आज बघणार,” तो म्हणाला.

“वळायचं नाही,” आत्या पटकन म्हणाली. तिचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. “तुझ्या आईची शपथ आहे तुला.”

“वळणार नाही.”

“आणि उठवलं की ऊठ.”

त्याने तिच्याकडे निरखून बघितलं. बापाचेच शब्द. भावाबहिणीला नक्की काय माहीत होतं, आणि किती वर्षं?

“तू बाबांजवळ बस म्हणजे झालं,” तो म्हणाला. “मी घरी पोचेपर्यंत हलू नकोस. काही झालं तरी.”

“किती वेळा सांगू?”

६

त्या दुपारी तो लवकर गेला. आधीच्या तासाच्या शाळामास्तरीण बाईंना ठोके देण्याआधी त्याने शेवटच्या बाकाकडे नीट बघून घेतलं. बाकाच्या बसायच्या फळीवर पातळ धूळ होती आणि धुळीत दोन गोल पुसट डाग, शेजारीशेजारी. कुणी कुंड्या ठेवल्या असाव्यात तसे. त्याने त्या बाजूच्या खिडकीचा पडदा बाजूला सारला. उजेडाची एक पट्टी बाकावर पडली.

मग ठोके दिले. बाई उठल्या आणि न बघता निघून गेल्या. दार किंचाळलं.

वळायची गरजच नव्हती. पात्राच्या मधली ती गोल काच होतीच. पुढे सरकून बसलं की तिच्यात ओस्तीवर आपलं डोकं दिसे, नखाएवढं, आणि डोक्याच्या मागे सगळं चॅपेल. आज पडदा उघडा असल्याने शेवटचा बाकही दिसत होता. रिकामा. उजेडाची पट्टी. खांब.

पंखा अडखळत राहिला. बॅरिस्टरने पापणी हलवली नाही. काचेतला बाक रिकामा. रिकामा. बाहेर कुठेतरी बादली आपटल्याचा आवाज आला, तेवढी नजर हलली, आणि परत काचेवर आली तेव्हा उजेडाच्या पट्टीत काहीतरी होतं.

टक, टक.

कुणीतरी गुडघ्यांवर. करडं, वाकलेलं. चेहरा दिसेना. त्याला वाटलं अंतर आहे, काच बारकी आहे. मग कळलं की चेहरा दिसत नाही, कारण ती पाठ आहे. तो वेदीला पाठ करून बसला होता. बसायच्या फळीवर दोन्ही कोपरं टेकून. आणि मान वर करून मागच्या दाराकडे बघत होता, उठलेला माणूस जिथून बाहेर जातो त्या दाराकडे.

तो राखण करायला येतच नव्हता. तो निघून जाणाऱ्यांसाठी येत होता.

टक, टक.

उठवलं की ऊठ. बापाचं वाक्य कानात होतं. पण ते दार, ते ओलांडायचं आणि त्याने बघत राहायचं? रोज हेच करत आलो? बॅरिस्टरने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. मी का उठू? माझा तास आहे. कारण सांग, मग उठतो.

टक, टक. टक, टक. घाईने नाही. रागाने नाही. कुणी दार उघडेपर्यंत थांबायला वेळ असलेला माणूस ठोकतो तसं.

मग थांबलं.

काचेत बाक रिकामा होता. बॅरिस्टरला हसू फुटलं, घाम फुटला. जिंकलो, असं त्याच्या मनात आलं. आणि हा शब्द आपण कुठे ऐकला, हे आठवायच्या आतच मागचं दार किंचाळलं. आजवर ज्याच्यासाठी ते कधी वाजलं नव्हतं, तो बाहेर पडला होता.

तरीही बॅरिस्टर लगेच उठला नाही. हे नंतर त्याला कुणाला सांगता आलं नाही. समोर ती पांढरी ओस्ती होती, आणि मागे बदली माणूस नव्हता. ज्याला तो देव मानत नव्हता, त्याला एकटं टाकताना त्याचे पाय अडले. आत्याने, बापाने, रविवारच्या शिकवणीने हाडांत भरलेला तो नियम पाच-दहा श्वास त्याला तिथेच दाबून धरत राहिला. मग तो धावला.

७

घराचं पुढचं दार लोटलेलं होतं. मशीन घुरघुरत होतं. पलंगाशेजारची खुर्ची रिकामी, तिच्यावर माळ. पलंग रिकामा, आणि नळी उशीवर पडून फुसफुसत होती.

बाप स्वयंपाकघरात होता, मागच्या दारात. जो माणूस लघवीला भांडं मागायचा, तो एवढं अंतर चालून गेला होता. उंबरठ्याशी पालथा, हात अंगालगत, कपाळ बाहेरच्या पायरीवर. मान खाली घालून निघालेला माणूस जसा पडेल तसा. बॅरिस्टरने त्याला उताणा केला, गालावर चापट्या मारल्या, छाती दाबली, नळी ताणून आणली. ती पुरली नाही.

कंपाउंडच्या भिंतीपलीकडून आत्या धावत आली. हातात चॅपेलला जायची ओढणी.

“कुठे गेली होतीस तू?”

“अरे, तू आलास ना!”

“मी आत्ता येतोय.”

“नाही रे… माझ्या मागे, चौकटीवर… दोन ठोके दिलेस तू. मला वाटलं, आलास. मी उठले.”

“बघितलं नाहीस?”

आत्याने ओढणी मुठीत आवळली. “सवय आहे ना,” ती म्हणाली. “ठोकलं की उठायचं. बघायचं नाही.”

“आईच्या वेळीही?”

आत्या ओढणी डोक्यावर घेऊन तिथेच जमिनीवर बसली आणि प्रार्थना पुटपुटू लागली. बॅरिस्टरला ती थांबवावीशी वाटली, पण बापाचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. डोळे उघडे होते, दाराबाहेर लागलेले. त्याने ते मिटले.

तेव्हा त्याच्या मागे, खोलीच्या चौकटीवर, वाजलं.

टक, टक.

आत्या पुटपुटायची थांबली. तिचा एक गुडघा जमिनीवरून उचलला गेला. बॅरिस्टरने तिचं मनगट धरलं आणि खाली दाबून ठेवलं, हाड वाजेपर्यंत. दोघंही वळली नाहीत. दोघंही उठली नाहीत. शेजारी येईपर्यंत दोघं तशीच बसून होती.

आराधना अजून चालू आहे. दुपारचा तास कुणाचा आहे, हे बॅरिस्टरला माहीत नाही. चॅपेल रिकामं नसतं, असं फादर सांगतात.

त्याचा बाप गेला. कॉलेजचं सांगायचं राहिलं.